दोष दारूचा की दाराचा?

अमेरिकेतल्या क्लीव्हलंड शहरात ४ जून १९७४ रोजी बेसबॉलचा सामना होता. यजमान इंडियन्स संघाचं अवाढव्य स्टेडियम एरवी ओस पडलेलं असे. गर्दी खेचायला व्यवस्थापनाने शक्कल लढवली: ६५ सेंटची बिअर त्या रात्री १० सेंटला. एका वेळी सहा पेले घेता येत आणि पुन्हा कितीदा यायचं याला बंधन नव्हतं. २५ हजारांवर माणसं आली. आधी फटाके फुटले, मग एक गडी अंगावर चिंधीही न ठेवता मैदानात धावला, आणि नवव्या इनिंगमध्ये ५-५ अशी बरोबरी असताना लोंढाच आत घुसला. टेक्सास रेंजर्सचे खेळाडू सापडलेल्या सहकाऱ्याला सोडवायला बॅट घेऊन धावले. त्यांना वाचवायला मागोमाग क्लीव्हलंडचेच खेळाडू गेले. पंच नेस्टर चायलक यांनाही मार बसला. त्यांनी सामना टेक्सासला बहाल केला.

स्टेडियममधल्या दारूचा विषय निघाला की ही रात्र हमखास सांगितली जाते, पण सांगताना निम्मी गोष्ट गळून पडते. जेमतेम आठवड्यापूर्वी, २९ मेला, याच दोन संघांत टेक्सासमध्ये मारामारी झाली होती आणि तिथल्या प्रेक्षकांनी क्लीव्हलंडच्या खेळाडूंवर बिअर फेकली होती. मधल्या दिवसांत क्लीव्हलंडच्या रेडिओवर त्या अपमानाला भरपूर हवा दिली गेली. स्वस्त बिअरच्या रात्री बेसबॉलमध्ये आधीही झाल्या होत्या आणि निभावल्याही होत्या. ही बिघडली, कारण सुडाची भाषा, बेहिशेबी विक्री आणि अपुरा बंदोबस्त एकाच संध्याकाळी एकत्र आले. यांतलं एकटं दारूचं नाव तेवढं लोकांच्या लक्षात राहिलं.

गैरसमज: दारू पोटात गेली की माणूस हिंसक होणारच

दारूने माणसाचं लक्ष आक्रसतं. जे समोर ठळक आहे तेवढंच दिसतं आणि नंतर काय होईल हा विचार मागे पडतो. क्लॉड स्टील आणि रॉबर्ट जोसेफ्स या मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये ही मांडणी सविस्तर केली. समोर धक्काबुक्की चालू असेल तर प्यायलेला माणूस त्यात लवकर उतरतो, समोर गाणी चालू असतील तर बेसूर का होईना, गातो.

त्याआधी १९७५ मध्ये ॲलन मार्लट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक खट्याळ प्रयोग केला होता. काहींना व्होडका दिली, काहींना नुसतं टॉनिक. यांतल्या निम्म्यांना जे दिलं त्याच्या उलट सांगितलं. जास्त आक्रमक वागले ते आपण व्होडका प्यायलो असं *समजणारे*, मग पेल्यात काहीही असो. पुढच्या संशोधनात दारूचा स्वतःचा परिणामही दिसून आला, तेव्हा बाटली निर्दोष सुटत नाही. पण ‘प्यायलं की असंच वागायचं असतं’ हा शिकवलेला धडाही तितकाच चढतो.

म्हणून तर डेन्मार्कचे फुटबॉल समर्थक आणि स्कॉटलंडच्या समर्थकांची ‘टार्टन आर्मी’ पिंपानं बिअर पिऊनही यजमान शहरांच्या लाडक्या असतात. इंग्लंडमध्ये फुटबॉलच्या प्रेक्षकाला मैदान दिसेल अशा जागी बसून पिणं गुन्हा आहे, पण ट्विकनहॅमला रग्बी पाहताना तो खुशाल पेला हातात धरून बसतो. लॉर्ड्सवर तर कसोटीला स्वतःची वाइनची बाटली नेण्याची मुभा असते. यकृत सगळ्यांचं सारखंच. फरक पडतो तो परंपरेने, पोलिसांच्या वागणुकीने आणि त्या प्रेक्षकाकडून काय अपेक्षित आहे याने. (लॉर्ड्सवाल्यांची गोंगाटी दुपार ‘रंगत’ ठरते आणि फुटबॉलवाल्यांची ‘हुल्लड’. यात वर्गभेदाचा वास नाही असं म्हणणं कठीण आहे.)

गैरसमज: स्टेडियमात विक्री बंद केली की प्रश्न मिटतो

बंदीचा उगम बहुतेक ठिकाणी एखाद्या भयंकर दिवसात असतो. १० मे १९८० ला ग्लासगोच्या हॅम्पडन पार्कवर फुटबॉल सामन्यात सेल्टिकने रेंजर्सला १-० हरवलं आणि दोन्हीकडचे लोक मैदानावर उतरून एकमेकांवर बाटल्या फेकू लागले. त्याच वर्षी स्कॉटलंडमध्ये कायदा झाला आणि फुटबॉल मैदानांतून दारू हद्दपार झाली. त्याने काचेच्या बाटल्यांचा पाऊस थांबला, हे मान्य करायलाच हवं. मात्र त्या दिवशी बहुतेक पोलीस स्टेडियमबाहेर उभे होते, ही बाब कायद्याच्या चर्चेत मागे पडली.

इंग्लंड आणि वेल्ससाठीचा १९८५ चा कायदा तर अनेकांना चुकीचाच माहीत असतो. त्याने विक्रीवर सरसकट बंदी आलेली नाही. मैदान दिसेल अशा ठिकाणी पिणं, सामन्याला जाणाऱ्या खास बस-गाड्यांत दारू नेणं आणि नशेत स्टेडियमात शिरणं यांवर बंदी आहे. मागच्या आवारात बिअर मिळते. परिणाम असा की १५ मिनिटांच्या मध्यंतरात माणसं रेटारेटी करून घटाघटा पितात आणि जागेवर परततात. सावकाश पिण्यापेक्षा हे बरं, असं कुणी डॉक्टर म्हणणार नाही.

मुळात बरंच पिणं दारापाशी पोचण्याआधीच झालेलं असतं. ११ जुलै २०२१ ला वेम्ब्लीवर युरो चषकाचा अंतिम सामना होता. लोक सकाळपासून रस्त्यावर पीत होते, दारू आसपासच्या दुकानांतली होती. संध्याकाळी विनातिकीट जमाव सुरक्षेची कडी तोडून आत घुसला. बॅरोनेस केसी यांच्या चौकशी अहवालाने अशा घुसखोरांचा आकडा सुमारे २,००० धरला. आत बिअर विकली की नाही, याने त्या दिवशी काय फरक पडला असता?

उलट टोकाचं उदाहरण अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या स्टेडियमचं. तिथे प्रेक्षकांना मध्यंतरात बाहेर जाऊन परत येता येई. गाडीच्या डिकीत ठेवलेली बाटली रिचवून माणसं दुसऱ्या सत्राला हजर होत. २०११ मध्ये विद्यापीठाने दोन गोष्टी एकदम केल्या: आत बिअरविक्री सुरू केली आणि बाहेर जाऊन परत येणं बंद केलं. सामन्याच्या दिवशी पोलिसांकडे येणाऱ्या तक्रारी घटल्या. त्याचं श्रेय बिअरविक्रीला देणं हाही गैरसमजच. काम केलं ते बहुधा दुसऱ्या निर्णयाने.

गैरसमज: कतारमध्ये बंदीमुळेच सगळं शांत राहिलं

२०२२ च्या विश्वचषकाआधी अवघे दोन दिवस स्टेडियम परिसरातली बिअर बंद झाली, आणि स्पर्धेत इंग्लंड-वेल्सच्या एकाही समर्थकाला अटक झाली नाही. ही दोन्ही विधानं खरी आहेत. पण कतारला जाण्याचा खर्च अफाट होता, म्हणून नेहमीचे दंगेखोर बहुधा घरीच राहिले. शिवाय फॅन झोनमध्ये संध्याकाळनंतर बिअर मिळत होती आणि स्टेडियममधल्या महागड्या कक्षांत तर सगळंच मिळत होतं. बंदी फक्त साध्या तिकिटावर होती.

गैरसमज: बिअर म्हणजे काही दारू नव्हे

आपल्याकडची ६५० मिलिची ‘स्ट्राँग’ बाटली ८ टक्क्यांची असते, म्हणजे तिच्यात ५२ मिलि शुद्ध अल्कोहोल. ४२.८ टक्के व्हिस्कीचे ६० मिलिचे दोन पेग घेतले तर होतात ५१ मिलि. हिशेब इथेच संपला. आणि यकृत साधारण तासाला ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल निपटतं. त्या एका बाटलीत सुमारे ४१ ग्रॅम असतं. कॉफी, लिंबूपाणी, गार पाण्याचा हबका यांपैकी कशानेही हा वेग वाढत नाही.

याच हिशेबाने अमेरिकेत एनएफएलच्या (अमेरिकन फुटबॉल लीगच्या) सामन्यात तिसरं सत्र संपलं की आणि बेसबॉलमध्ये सातव्या इनिंगनंतर विक्री थांबवण्याची पद्धत आहे. कारण सांगतात ते प्रेक्षकांना गाडी चालवत घरी जायचं असतं हे. २०२३ मध्ये नव्या घड्याळी नियमामुळे बेसबॉलचे सामने जवळपास अर्ध्या तासाने आखूड झाले, तशी काही क्लबांनी विक्री आठव्या इनिंगपर्यंत वाढवली. सामना लवकर संपणार म्हटल्यावर उतरायला मिळणारा वेळही कमी होतो. मग विक्री आधी थांबायला हवी. गल्ल्याचं गणित मात्र उलट दिशेने चाललं.

गैरसमज: गोंधळ झाला, म्हणजे प्रेक्षक प्यायलेले असणार

हा सगळ्यांत महागात पडलेला समज. १५ एप्रिल १९८९ ला शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूल विरुद्ध नॉटिंगहॅम फॉरेस्ट हा एफए चषकाचा उपांत्य सामना होता. लेपिंग्ज लेनच्या बाजूला उभ्याने सामना पाहणाऱ्या लिव्हरपूलच्या सुमारे १०,१०० तिकीटधारकांसाठी फिरती फाटकं होती फक्त सात. बाहेर चेंगराचेंगरी होऊ लागली, तेव्हा बंदोबस्ताचे प्रमुख पोलीस अधिकारी डेव्हिड डकनफील्ड यांनी बाहेर पडण्याचा मोठा दरवाजा उघडायला सांगितलं. आतला बोगदा थेट मधल्या, आधीच खच्चून भरलेल्या पिंजऱ्यांत उतरत होता. तो बंद करायला कुणी सांगितलं नाही. माणसं उभ्या उभ्या गुदमरली. मृतांचा आकडा पुढे ९७ झाला. सर्वांत लहान मुलगा दहा वर्षांचा होता.

माणसं मरत असतानाच डकनफील्ड यांनी फुटबॉल संघटनेच्या अधिकाऱ्यांना सांगितलं की दरवाजा प्रेक्षकांनी फोडला. हे खोटं होतं, ही कबुली त्यांनी २०१५ मध्ये दिली. चारच दिवसांत ‘द सन’ या दैनिकाने पहिल्या पानावर दारुड्या प्रेक्षकांच्या कहाण्या छापल्या. मृत्यूंची चौकशी करणाऱ्या कॉरोनरने मृतांच्या, लहान मुलांच्यासुद्धा, रक्तातली दारू तपासायला लावली. सरकारी चौकशीचे प्रमुख लॉर्ड टेलर यांनी पहिल्याच वर्षी स्पष्ट लिहिलं होतं की मुख्य कारण पोलिसांचं नियंत्रण सुटणं हे होतं आणि बहुसंख्य प्रेक्षक प्यायलेले नव्हते. तरी दारूची कथा दोन दशकं टिकली. २०१२ मध्ये स्वतंत्र समितीने उघड केलं की पोलिसांचे १६४ जबाब नंतर बदलले होते. २६ एप्रिल २०१६ रोजी ज्यूरीने निकाल दिला: हे मृत्यू बेकायदा होते आणि प्रेक्षकांचा दोष नव्हता. लिव्हरपूलमध्ये अनेक दुकानं आजही ‘द सन’ ठेवत नाहीत.

दारूचा आरोप इतका सोयीचा का, ते इथे दिसतं. प्यायलेल्या माणसाबद्दल कुणाला सहानुभूती नसते, आणि मेलेला माणूस खुलासा करत नाही.

गैरसमज: आपल्याकडे स्टेडियमात दारू नाही, म्हणजे हा प्रश्नच नाही

जानेवारी १९७५. वानखेडे स्टेडियम नवंकोरं, तिथली पहिलीच कसोटी, समोर वेस्ट इंडीज. क्लाइव्ह लॉइड यांचं द्विशतक झालं आणि एक पोरगा अभिनंदन करायला मैदानात धावला. पोलिसांनी त्याला पकडून बदडलं. ते पाहून स्टँड खवळले, मोडतोड झाली आणि त्या दिवसाचं शेवटचं सत्र पाण्यात गेलं. कोलकात्यात १ जानेवारी १९६७ ला ईडन गार्डन्स पेटलं, कारण जागांपेक्षा जास्त तिकिटं विकली होती आणि सीमारेषेपर्यंत आलेल्या लोकांवर लाठ्या चालल्या. तिथेच १३ मार्च १९९६ ला विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात भारत ८ बाद १२० वर असताना बाटल्या आणि आगी सुरू झाल्या आणि सामना श्रीलंकेला द्यावा लागला. त्या बाटल्या पाण्याच्या आणि शीतपेयांच्या होत्या. ४ जून २०२५ ला बेंगळुरूत चिन्नास्वामीबाहेर ११ जीव गेले, तिथे विजयोत्सव होता आणि प्रवेशाबद्दल गोंधळ होता. यांतल्या एकाही घटनेच्या मुळाशी दारू नव्हती.

याचा अर्थ इथे कुणी पिऊन येत नाही असा नाही. शेजारचा माणूस नशेत शिवीगाळ करत असेल तर ते निमूट सोसायचं कारण नाही. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियमाच्या कलम ८५ नुसार सार्वजनिक ठिकाणी नशेत बेशिस्त वागणं हा गुन्हा आहे. स्वतः भांडायला जाऊ नका, स्टँडमधल्या पोलिसाला बोलवा आणि सीट क्रमांक सांगा.

आणि एक विनंती. पुढच्या वेळी ‘मद्यधुंद प्रेक्षकांचा धुडगूस’ असा मथळा दिसला की चार गोष्टी शोधा: तिकिटं किती विकली, दरवाजे किती होते, ते कधी उघडले आणि पहिली लाठी कुणी उगारली. बातमीत त्या सापडल्या नाहीत, तर संपादकांना पत्र लिहून विचारा.