डासांचं माहेर

गेल्या श्रावणात रोह्याला वन्संकडे चार दिवस राहून आले. घर अष्टमीच्या बाजूला, मागे पोफळीची छोटीशी वाडी, पलीकडे कुंडलिका. पाऊस असा की वाळत घातलेले कपडे तिसऱ्या दिवशीही दमटच. अशा घरी गेलं की जिवाला बरं वाटतं, पण या खेपेला पाऊल टाकलं ते थेट भाचीच्या खोलीत. पोरगी दोन गोधड्यांत गुरफटलेली आणि दात वाजताहेत. “मामी, पुन्हा आला गं ताप,” एवढंच म्हणाली.

पुन्हा! कारण जूनच्या अखेरीस तिला हिवताप होऊन गेला होता. रक्त तपासलं, औषध मिळालं, तीन दिवसांत ताप उतरला. त्यानंतर चौदा दिवस घ्यायच्या गोळ्या होत्या, त्या पाचव्या दिवशी बंद झाल्या. “ताप नाही तर गोळ्या कशाला? पोटात आग पडते तिच्या,” असं वन्संनीच ठरवलं. उरलेल्या गोळ्यांचं पाकीट देवघराच्या फळीवर कापूर-उदबत्तीशेजारी ठेवलेलं मी या डोळ्यांनी पाहिलं.

मैत्रिणींनो, वन्संना नावं ठेवण्याचा आपल्याला अधिकार नाही. आपणही हेच करतो. पण या चौदा दिवसांमागचं कारण कळलं, तर कोणतीही आई ते पाकीट फळीवर ठेवणार नाही. आपल्याकडे जो नेहमीचा हिवताप येतो, त्याचे जंतू रक्तात तर असतातच, पण त्यांतले काही यकृतात जाऊन निजतात. पहिल्या तीन दिवसांच्या औषधाने रक्तातले मरतात आणि ताप जातो. निजलेल्यांना त्याचा पत्ताही नसतो. महिन्या-दोन महिन्यांनी ते जागे होतात आणि नवा डास चावलेला नसतानाही पुन्हा हुडहुडी भरते. चौदा दिवसांच्या गोळ्या या झोपलेल्यांसाठी असतात. पोटात आग पडते म्हणून बंद करायच्या नाहीत, जेवणानंतर घ्यायच्या. मात्र गरोदर बाईला आणि तान्ह्या बाळाला त्या देत नाहीत. काहींच्या रक्तालाच त्या मानवत नाहीत. लघवीला काळपट रंग दिसला तर लगेच थांबवून डॉक्टरांना गाठायचं. म्हणून शेजारणीच्या उरलेल्या गोळ्या आपल्या मुलाला, हा प्रकार नको.

दुसऱ्या दिवशी आरोग्य खात्याचे कर्मचारी आले. भाचीच्या बोटाला सुई टोचून काचेवर रक्ताचा थेंब घेतला आणि मग म्हणाले, “ताई, पाण्याची टाकी कुठे आहे?” वन्सं जरा रागावल्याच. घर आरशासारखं लख्ख, अंगणात शेणसडा, आणि हा माणूस डास आमच्या घरात शोधतो! तो शिडीवरून वर गेला. टाकीचं झाकण मेच्या वादळी वाऱ्यात तडकलं होतं, त्यावर पत्र्याचा तुकडा ठेवलेला. त्याने लांब दांड्याच्या पळीत पाणी घेऊन खाली आणलं. आम्ही डोकावलो. तांदळाच्या तुसासारख्या सात-आठ अळ्या पाण्याच्या पृष्ठभागाला अगदी समांतर, आडव्या पडलेल्या. “ही मलेरियाच्या डासाची. दुसऱ्या डासांच्या अळ्या डोकं खाली करून लोंबकळतात. आडवी दिसली की हिवताप समजायचा.” आता भाचीचा ताप जुना जागा झालेला की या टाकीतल्यांनी नव्याने दिलेला, हे त्यालाही सांगता येईना. वन्सं मात्र गप्पच झाल्या.

हा विहिरी-टाक्यांतला डास काही नवखा नाही. १९०१ साली लिस्टन नावाच्या शास्त्रज्ञाने त्याचं पहिलं वर्णन केलं. दहा वर्षांनी, १९११ मध्ये, डॉ. बेंटली यांनी मुंबईच्या हिवतापावर अहवाल दिला आणि बोट ठेवलं ते घरोघरच्या विहिरींवर. विहिरी बुजवा म्हटल्यावर मोठी ओरड झाली, पारशी मंडळींचा तर धर्मच विहिरीशी जोडलेला. आज विहिरींच्या जागी गच्चीवरच्या टाक्या आल्या, डासाला काय, पाणी स्वच्छ आणि साचलेलं असलं की झालं. हाच आपला डास २०१२ मध्ये आफ्रिकेतल्या जिबूतीत सापडला आणि आता तिथल्या शहरांची झोप उडाली आहे.

डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू असतो हे जगाला कळलं तेही आपल्याच देशात. अल्मोड्यात जन्मलेले लष्करी डॉक्टर रोनाल्ड रॉस सिकंदराबादला होते. हुसेन खान नावाच्या एका रोग्याने डासांकडून चावून घ्यायचं, आणि दर डासामागे एक आणा! २० ऑगस्ट १८९७ रोजी त्यांतल्या एका डासाच्या जठराच्या भिंतीत रॉसना तो जंतू दिसला. १९०२ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. हुसेन खानला मिळाले ते आणेच.

वन्संच्या सासूबाईंना फवारणीवाले चांगले आठवतात. डीडीटीचा पांढरा थर भिंतीवर बसायचा आणि भिंतीवर तारीख पडायची. बायका वैतागायच्या, चुलीवरचं झाका, फडताळातलं बाहेर काढा, देव हलवा! पण त्या वैतागाचं मोल मोठं होतं. १९५३ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला तेव्हा देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख मरत, असा अंदाज होता. १९६५ पर्यंत रुग्ण लाखावर आले. सगळ्यांना वाटलं, संपलं. मग ढिलाई आली, डास डीडीटीला सरावले आणि १९७६ मध्ये आकडा चौसष्ट लाखांवर गेला. पाचव्या दिवशी गोळी बंद करण्यासारखंच ते, नाही का?

आता दुसरा डास, दिवसा चावणारा. काळा, पायांवर पांढरे पट्टे. डेंग्यू, चिकुनगुन्या आणि झिका हे तिन्ही याचेच. चिकुनगुन्याची साथ १९७३ मध्ये आपल्या बार्शीत आली होती, आणि तिचा अभ्यास केला पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने. १९५२ मध्ये स्थापन झालेली हीच संस्था पुढे राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली. बार्शीनंतर हा रोग देशातून नाहीसा झाल्यासारखाच होता. २००५-०६ मध्ये परतला तेव्हा पुण्याच्याच शास्त्रज्ञांनी दाखवलं की हा जुना विषाणू नाही, आफ्रिकेकडच्या घराण्यातला आहे. नाव टांझानियाकडच्या भाषेतलं, वाकून जाणं अशा अर्थाचं. ज्या बाईने सांधे धरून जिना चढला आहे, तिला अर्थ सांगायला नको. २०२१ च्या जुलैत पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावी राज्यातला पहिला झिकाचा रुग्ण सापडला, तीही पन्नाशीची एक बाईच. झिका बहुतेकांना सौम्य जातो, पण गरोदर बाईला झाला तर पोटातल्या बाळाच्या मेंदूला धोका असतो. म्हणून दिवस राहिलेल्या सुनेला-लेकीला दुपारच्या झोपेतही मच्छरदाणी हवी.

आणि हा डास गटारात जन्मत नाही बरं! त्याला आपलं चांगलं पाणी लागतं. पिंप, फ्रिजच्या मागची ताटली, मनीप्लांटची बाटली, तुळशीच्या कुंडीखालची थाळी, टाकलेलं टायर. वन्संच्या वाडीत तर पोफळीच्या गळलेल्या विऱ्या आणि नारळाच्या करवंट्या, एकेकीत वाटीभर पाणी! एक गोष्ट फार कमी बायकांना ठाऊक असते. या डासाची अंडी पाण्यात नसतात, पाण्याच्या जरा वर भांड्याच्या आतल्या अंगाला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी काही महिने जिवंत राहतात. पाणी नुसतं ओतून भांडं उपडं केलं तर अंडी तशीच. पुन्हा पाणी भरलं की अळ्या. म्हणून आठवड्यातून एक दिवस काथ्याने घासायचं, मगच भरायचं. आठवडाच का, तर अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, त्याच्या आत मोडता घालायचा. जे पिंप रिकामं करता येत नाही त्याला जुन्या सुती साडीचं फडकं घट्ट बांधावं. विहिरीत किंवा हौदात गप्पी मासे सोडायचे असतील तर आरोग्य केंद्रात विचारावं.

घाण पाण्यातला तिसरा डास हत्तीरोगाचा. त्याच्यासाठी संडासाच्या टाकीच्या नळीच्या तोंडाला बारीक जाळी बांधा, दोन रुपयांच्या सुतळीचं काम.

डेंग्यूच्या तापात ॲस्पिरिनची गोळी देऊ नका, रक्तस्राव वाढतो. आणि ताप उतरल्यावर खरी नजर ठेवायची. पोटात कळा, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, पोर मलूल पडणं, यांतलं काही दिसलं तर पपईच्या पानांच्या रसात वेळ घालवू नका, दवाखाना गाठा.

लसीचं विचाराल, तर हिवतापावरची एक लस ऑक्सफर्ड आणि पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट यांनी मिळून केली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिची शिफारस केली. पण ती आफ्रिकेतल्या लहान मुलांना छळणाऱ्या दुसऱ्या जातीच्या हिवतापावर. भाचीच्या तापाला तिचा उपयोग नाही.

मी निघाले त्या दिवशी टाकीवर नवं झाकण बसत होतं आणि वन्सं पदर खोचून मोरीतलं पिंप काथ्याने घासत होत्या. रक्ताच्या तपासणीत जंतू निघालेच, औषध पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. या खेपेला पाकीट देवघरात नव्हतं. स्वयंपाकघरात कॅलेंडरला दोऱ्याने टांगलेलं होतं. परवा फोन आला, “वहिनी, आज चौदावी दिली. आणि हो, विऱ्या सगळ्या बंबात घातल्या!”