कोड्यातली सूचना, सूचनेतले कोडे

कल्याण-डोंबिवलीहून सकाळी मुंबईकडे निघणाऱ्या लोकलच्या डब्यात वर्तमानपत्राची चौपदरी घडी करून शब्दकोडे सोडविणारा प्रवासी अलीकडे दुर्मीळ होत चालला आहे. हाती फोन आले आहेत. तरीही ठाण्यापर्यंत आडवे शब्द उरकावयाचे आणि उभे शब्द भायखळ्यापर्यंत पुरवावयाचे, असा नेम पाळणारे काही निष्ठावंत अद्याप आढळतात. खिडकीजवळच्याने विचारावे, चौथ्या सीटवर अर्धवट टेकलेल्याने उत्तर सुचवावे आणि उभ्या असलेल्याने ते खोडून काढावे, अशी ही सामुदायिक विद्या आहे.

मात्र मराठीतील कोडी बहुधा प्रतिशब्दांची असतात. ‘कमळ’ म्हटले की पंकज, राजीव, नीरज यांपैकी चौकटीत बसेल ते भरावयाचे. इंग्रजीत ‘क्रिप्टिक’ म्हणून ओळखले जाणारे गूढ कोडे निराळ्या जातीचे असते. त्याच्या सूत्रात एक भाग शब्दाचा अर्थ सांगतो आणि दुसरा त्याची घडण. ‘नदी उलटी वाहिली, गरीब झाली (२)’ या सूत्राचे उत्तर ‘दीन’. ‘सर्वांचे चिंतावे, सायंकाळी गावे आणि गाडी बदलण्यास उतरावे (३)’ याचे उत्तर तर आपल्यापैकी हजारो जण रोज फलाटावरील पाटीवर वाचतात. हा खेळ परका मानण्याचे कारण नाही. ‘मरा मरा’ म्हणता म्हणता रामनामाला पोहोचलेल्या वाल्या कोळ्याची कथा ज्या भाषेत घरोघर सांगितली जाते, तिला अक्षरे उलटविण्याचे नावीन्य काय? दंडीने ‘काव्यादर्शा’त प्रहेलिकांचे सोळा प्रकार सांगितले, तेही काही आजचे नव्हे.

व्यास आणि गणपती यांच्या कराराची कथा तर या विषयाची गुरुकिल्लीच म्हणावी लागेल. लेखणी थांबता कामा नये, ही गणपतीची अट. अर्थ समजल्यावाचून लिहू नये, ही व्यासांची. लेखकाला थोपवून धरण्यासाठी व्यासांनी अधूनमधून कूटश्लोक घातले आणि त्यांची संख्या परंपरेने ८,८०० सांगितली जाते. श्लोक कितीही दुर्बोध असोत, करार मात्र दोन वाक्यांचा होता आणि त्यात दोन अर्थ निघत नव्हते.

हा भेद आजच्या कोडेकारांनाही नेहमी साधतोच असे नाही. बीबीसीच्या ‘द लिस्नर’ या साप्ताहिकात १९३० साली एक कोडे सुरू झाले. १९९१ मध्ये साप्ताहिक बंद पडल्यावर ते ‘द टाइम्स’ने चालविले. इंग्रजीतील अत्यंत कठीण कोड्यांत त्याची गणना होते. प्रत्येक कोड्यामागे एखादी मध्यवर्ती कल्पना दडलेली असते, आणि आरंभी एक प्रास्ताविक सूचना असते: अमुक उत्तरे बदलून भरावीत, तमुक सूत्रांत एकेक मुद्रणदोष मुद्दाम ठेवला आहे, सरतेशेवटी चौकटीतले काहीतरी शोधून रंगवावे. सूत्रे सुटतात, चौकट भरते, आणि मनुष्य अडतो तो या सूचनेपाशी. ‘बदलावे’ म्हणजे कशाने बदलावे? सर्व की काही?

मराठीत असे कोडे रचू पाहणाऱ्यापुढे तर ही अडचण पहिल्याच पायरीवर येईल. ‘उत्तरातील एक अक्षर गाळावे’ अशी सूचना आपण केली, तर अक्षर म्हणजे काय? ‘कल्याण’ चौकटीत मांडले तर तीन घरांचे. वर्ण मोजले तर सात. ‘ल्या’ गाळावयाचा की त्यातला ‘य्’? सूत्रात ही संदिग्धता ठेवली तर तिला श्लेष म्हणता येईल. सूचनेत ठेवली तर ती सोडविणाऱ्याची फसवणूक होय.

या फसवणुकीला पैशाची जोड मिळाली की काय होते, हे आपल्याच प्रांताने पाहिले आहे. समजा, सूत्र आहे ‘संकटात याचा आधार वाटतो’ आणि दोन घरांपैकी दुसऱ्यात ‘त्र’ आहे. उत्तर पुत्र, मित्र की मंत्र? तिन्ही शोभतात. चालकाने आधीच ठरवून ठेवलेले उत्तर तेवढे बरोबर. अशी दहा सूत्रे असली तर भरण्याच्या रीती ५९,०४९ होतात, आणि प्रत्येक प्रवेशिकेला शुल्क! बंगळूरच्या ‘स्पोर्टिंग स्टार’ या पत्रातून आर. एम. डी. सी. कंपनीच्या बक्षिसी शब्दकोड्यांचा प्रसार मुंबई राज्यातही होत असे. १९४८ चा लॉटरी व बक्षीस-स्पर्धाविषयक कायदा १९५२ मध्ये सुधारून राज्याने अशा बाहेरच्या पत्रांतील स्पर्धांवरही कर बसविला. कंपनी न्यायालयात गेली. उच्च न्यायालयात तिची सरशी झाली. परंतु ९ एप्रिल १९५७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जुगार हा घटनेने संरक्षिलेला व्यापार नव्हे, असा निर्वाळा देऊन तो निकाल फिरविला.

या खटल्यातली खरी गंमत निराळीच आहे. कायद्यातील ‘बक्षीस-स्पर्धा’ या शब्दाची व्याख्या इतकी सैल होती की, ती शब्दशः वाचल्यास बुद्धिकौशल्याची निर्दोष कोडीही जुगाराच्या रांगेत बसली असती. तेव्हा व्याख्येतील एक ‘किंवा’ न्यायालयाने ‘आणि’ असा वाचला. कोड्यांना आवर घालणारा कायदा स्वतःच कोड्यात लिहिलेला, आणि त्याचे उत्तर द्यावयास देशाचे सर्वोच्च न्यायालय! अर्थ न्याय्य लागला, यात संशय नाही. परंतु ही मुभा कचेरीतल्या कारकुनाला कोठून? परिपत्रकातला ‘किंवा’ त्याने ‘आणि’ असा वाचला, तर त्याच्याकडून लेखी खुलासा मागविला जातो. ‘दहा वर्षे सेवा झालेले शिक्षक व लिपिक’ यात दहा वर्षांची अट लिपिकाला लागू आहे की नाही, यावर एखाद्याची वेतनवाढ अडकून राहू शकते.

संसदेने १९५५ च्या कायद्याने अशा स्पर्धांची बक्षिसे महिन्याला एक हजार रुपयांपर्यंत व एका स्पर्धेच्या प्रवेशिका दोन हजारांपर्यंत सीमित केल्या. धंदा आटोपला. पण आधी ठरविलेल्या उत्तराशी आपले उत्तर जुळविण्याचे काम तरुणांच्या माथी कायमच आहे. पर्यायी उत्तरांच्या परीक्षेत दोन पर्याय सारखेच योग्य दिसले की अभ्यास केलेलाच अधिक गोंधळतो, कारण अज्ञानी मनुष्याला एकच अर्थ दिसतो. महाराष्ट्र लोकसेवा आयोग प्रथम उत्तरतालिका प्रसिद्ध करून हरकती मागवितो आणि सदोष प्रश्न रद्द करतो, ही प्रथा स्तुत्य आहे. तथापि रद्द झालेल्या प्रश्नावर परीक्षेत खर्ची पडलेली तीन मिनिटे कोणी परत करीत नाही.

मराठी दैनिकांनी गूढ कोडी अवश्य द्यावीत. आपला वाचक त्यांना पुरून उरेल. मात्र जोडाक्षर एका घरात की दोन, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद धरावयाचा की नाही, हे कोड्याच्या माथ्यावर दोन ओळींत छापावे. आणि दुसऱ्या दिवशी नुसती भरलेली चौकट न देता प्रत्येक उत्तराची उपपत्तीही द्यावी, म्हणजे चौथ्या सीटवरच्या गृहस्थाला भांडावयास काही आधार राहील.