पिल्लू सगळीकडे सू करतंय?

चौघांनी मिळून रूमवर पिल्लू आणायचं, पहिल्या दिवशी ढीगभर रील्स काढायच्या आणि दुसऱ्या आठवड्यात ‘ते सगळीकडे सू करतं यार’ म्हणत त्याच्यासाठी दुसरं घर शोधायचं. असे ‘अर्जंट अडॉप्शन’चे मेसेज कॉलेजच्या ग्रुपवर येतच असतात. पिल्लाचं वय विचारा, उत्तर येतं: २ महिने! या वयात दिवसा जेमतेम २-३ तास लघवी धरता येते. तुमची दोन लेक्चर्स आणि एक कटिंग झाला, की त्याची मुदत संपली.

तेव्हा आधी टाइमटेबल बनवा. झोपून उठल्यावर, खाल्ल्या-प्यायल्यावर, खेळून झाल्यावर लगेच ठरलेल्या जागी न्यायचं. लसी पूर्ण होईपर्यंत गॅलरीतला एक कोपरा, नंतर खालचं झाड. केली की तिथल्या तिथे खाऊ. जिना चढून वर आल्यावर दिलेला खाऊ कशाचा, हे त्याला कळत नाही. रूममेट्समध्ये पाळ्या लावा. रात्रीच्या पाळीवरून भांडण होणारच.

नाक घासणं, पेपरच्या सुरळीने मारणं हे प्रकार अजून चालतात. त्यातून कुत्रं एकच शिकतं: हा माणूस समोर असताना करायची नाही. मग ते पलंगाखाली जाऊन करतं आणि खाली नेलं तरी तुमच्यासमोर करायला घाबरतं. तुम्ही दारात दिसताच कान पाडून, अंग चोरून दोन थेंब सोडणारं कुत्रं तर आधीच घाबरलेलं असतं. ओरडलात की थेंबांचं तळं. आल्या आल्या दोन मिनिटं त्याच्याकडे बघूच नका, मग बाजूला उकिडवे बसून हाक मारा.

पुसायला अमोनियावाला क्लीनर नको, त्याचा वास लघवीशी मिळताजुळता असतो. एन्झाइमवाला घ्या. आपल्या नाकाला जागा साफ वाटते, त्याच्या नाही. आणि ग्लोव्हज घाला, पावसाळ्यात तर नक्कीच. लेप्टो कुत्र्याच्या लघवीतूनही पसरतो. कुत्र्यांसाठी त्याची लस असते, डॉक्टरांना विचारा.

नीट शिकलेलं कुत्रं अचानक घरात करू लागलं, सारखं थोडं थोडं करत असेल किंवा खूप पाणी पीत असेल, तर ट्रेनिंगचे व्हिडिओ बंद करा. मूत्रमार्गाचा संसर्ग, मधुमेह, किडनीचा त्रास, काहीही असू शकतं. सकाळची पहिली लघवी स्वच्छ डबीत घेऊन लगेच डॉक्टरांकडे जा. धरायची कशी? लांब दांड्याचा डाव बेस्ट. फक्त तो डाव परत किचनमध्ये ठेवू नका.