आडनाव : गावाचे, धंद्याचे आणि दप्तराचे

आडनाव हे नावाइतके जुने नाही. बहुतेक समाजांचे शतकानुशतके एका नावावरच भागले. वस्ती लहान असेपर्यंत अमक्याचा मुलगा एवढी ओळख पुरे होती. वस्ती वाढली, एकाच नावाची चार माणसे झाली, तेव्हा बापाचे नाव, राहण्याचे ठिकाण, हातातला धंदा किंवा अंगावरची एखादी खूण नावाला चिकटू लागली. ही खूण नातवा-पणतवापर्यंत तशीच टिकली, ती मात्र बहुतेक ठिकाणी सरकारी दप्तरामुळे. सारा वसूल करायचा, सैन्यात माणसे भरायची, जमिनीचा वारस ठरवायचा, तर माणूस कागदावर पक्का असावा लागतो.

चीनमध्ये हे फार लवकर घडले. तिथे सामान्य माणसालाही कुलनाम मिळून दोन हजार वर्षे उलटली. कुलनाम आधी आणि नाव नंतर, असा तिथला क्रम. माओ हे आडनाव, त्सेतुंग हे नाव. वांग, ली आणि झांग ही आडनावे लावणारे प्रत्येकी नऊ-दहा कोटी लोक आज चीनमध्ये आहेत. कोरियात दर पाच माणसांत एक किम. जपानची गोष्ट अगदी उलट. तिथे सामान्य रयतेला आडनाव उघडपणे लावण्याची मुभा 1870मध्ये मिळाली आणि 1875मध्ये ते सक्तीचे झाले. अनेकांनी भोवतालच्या जमिनीकडे पाहून नावे घेतली. तनाका म्हणजे भातखाचरांच्या मधला, यामामोतो म्हणजे डोंगरपायथ्याचा.

युरोपात धंद्याची आडनावे उदंड आहेत आणि त्यांत लोहार सगळ्यांच्या पुढे. इंग्रजांचा स्मिथ, जर्मनांचा श्मिट, इटालियनांचा फेर्रारी, हंगेरीचा कोव्हाच, पोलंडचा कोवाल्स्की, रशियाचा कुझ्नेत्सोव्ह हे सारे मूळचे लोहारच. अरबी हद्दादही तोच. कारण साधे आहे. गावात शेतकरी घरोघरी, पण लोहार एखादाच. त्यामुळे लोहार म्हटले की माणूस नेमका कळे. बापाच्या नावावरून आलेली आडनावेही तितकीच पसरली आहेत. स्पॅनिश फर्नांदेस म्हणजे फर्नांदोचा मुलगा. आइसलँडमध्ये तर ही रीत अजून जिवंत आहे. 1980मध्ये राष्ट्राध्यक्षपदी निवडून आलेल्या विग्दिस फिन्बोगादोत्तिर यांच्या नावाचा उत्तरार्ध ‘फिन्बोगीची मुलगी’ एवढेच सांगतो. तिथे टेलिफोनच्या यादीतही माणूस त्याच्या पहिल्या नावाखाली सापडतो.

दप्तराचा हात सर्वांत उघड दिसतो तो फिलिपाइन्समध्ये. स्पॅनिश अमलात बाप्तिस्मा घेतलेल्या असंख्य कुटुंबांनी दे ला क्रूस, दे लोस सान्तोस अशी धार्मिक नावे लावली होती. कोण कोणाचा नातलग आणि कर कोणाकडून घ्यायचा, हे कारकुनांना उमगेना. 1849मध्ये गव्हर्नर जनरल नार्सिसो क्लावेरिया यांनी हुकूम काढला आणि वर्णानुक्रमे रचलेली आडनावांची जाडजूड यादी प्रांतोप्रांती धाडली. त्यातले कागद गावांच्या वाट्याला आले आणि कुटुंबप्रमुखांना त्यांतूनच निवड करावी लागली. चार पिढ्या एकच आडनाव चालवणाऱ्यांना तेवढी सूट होती. आल्बाय प्रांतातल्या ओआस गावात आजही असंख्य आडनावे ‘आर’ या अक्षराने सुरू होतात. माणसाची ओळख त्याला न विचारता ठरवण्याचे इतके ठळक उदाहरण क्वचितच सापडेल. तुर्कस्तानने 1934च्या कायद्याने आडनाव सक्तीचे केले, पण तिथे निवड बरीचशी लोकांच्या हाती राहिली. मुस्तफा केमाल यांना संसदेने दिलेले अतातुर्क हे आडनाव मात्र दुसऱ्या कोणालाही घेता येत नाही.

मराठी आडनावांत दप्तर आणि गाव शेजारी शेजारी नांदतात. कुलकर्णी, देशपांडे, देशमुख, पाटील ही वतनाची नावे. चिटणीस, पारसनीस, पोतनीस यांतला ‘नीस’ म्हणजे फारसी ‘नवीस’, लिहिणारा. चिठ्ठ्या-पत्रे लिहिणारा तो चिटणीस, फारसी पत्रव्यवहार पाहणारा तो पारसनीस. नाना फडणवीसांचे मूळ आडनाव भानू. हुद्द्याने ते पार झाकून टाकले. ‘कर’ लावण्याची रीत गावाची. चिपळूणात राहणाऱ्या सगळ्यांनाच चिपळूणकर म्हटले तर कोणाचीच ओळख पटत नाही. गाव सोडून बाहेर पडलेल्याला ते नाव कामाला येते. कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंनी पेणकर, रोहेकर, किहीमचे केहीमकर अशी आडनावे घेतली आणि इस्रायलला जातानाही ती सोबत नेली. गोव्यात पोर्तुगीज अमलात धर्मांतरितांना फर्नांडिस, परेरा ही नावे मिळाली. परेरा म्हणजे नासपतीचे झाड.

आपल्याकडे आडनावावरून जात ओळखली जाते, ही त्याची सर्वांत जाचक बाजू. तमिळनाडूत पेरियार यांच्या स्वाभिमान चळवळीने 1929च्या चेंगलपट्टू परिषदेत जातिवाचक नावे टाकून देण्याचा ठराव केला. आज तिथे बापाचे नाव किंवा त्याचे आद्याक्षर पुढे लावतात. विश्वनाथन आनंद यांचे स्वतःचे नाव आनंद, विश्वनाथन हे वडिलांचे. महाराष्ट्रात अशी व्यापक मोहीम झाली नाही. ती व्हायला हवी होती.

बायकांच्या वाट्याला आडनाव बहुतेक ठिकाणी उसने आले. स्पेनमध्ये वडिलांचे आणि आईचे अशी दोन्ही आडनावे मुलाला मिळतात. क्वेबेकमध्ये 1981पासून लग्नानंतरही स्त्रीचे जन्मनावच कायद्याने चालते. जपानमध्ये नवरा-बायकोला आजवर एकच आडनाव घ्यावे लागत आले आहे आणि ते बहुतेक वेळा नवऱ्याचे असते. महाराष्ट्रात 1 मे 2024 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर मुलाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव, असा क्रम बंधनकारक झाला आहे.