सेकंडहँड डर्ट बाईक घेताय? आधी कागद, मग थंड इंजिन

पावसाळा संपत आला की मुळशी, ताम्हिणी, भोरकडच्या कच्च्या रस्त्यांवर जायचे बेत सुरू होतात, आणि मग मेसेज येतात, ‘अरे, एक सेकंडहँड डर्ट बाईक मिळतेय, थेट मालकाकडून, घेऊ का?’ तर आजचा भाग त्यावरच.

एक गोष्ट आधीच सांगतो, बाकी सगळं तिच्याभोवती फिरतं. थेट मालकाकडून घेताना मध्ये डीलर नसतो, वॉरंटी नसते. पैसे दिले की विषय संपला. गाडीतला बिघड पैसे खर्च करून दुरुस्त होतो, पण कागदातला बिघड बऱ्याचदा होत नाही. म्हणून क्रम उलटा करू नका. आधी कागद, मग इंजिन, आणि रंग-स्टिकर सगळ्यात शेवटी.

पहिला प्रश्न विचारायचा तो असा: ही गाडी रस्त्यावर चालवता येते का? आपल्याकडे ‘डर्ट बाईक’ म्हणून दोन वेगळ्या जाती विकल्या जातात. एक म्हणजे हिरो एक्सपल्स 200 सारखी. पुढे 21 इंची चाक, मागे 18 इंची, उंच सस्पेन्शन, पण नंबर प्लेट, हेडलाइट, इंडिकेटर सगळं आहे. दुसरी म्हणजे कावासाकी केएक्स सारखी शुद्ध मोटोक्रॉसची. तिची आरटीओत नोंदणीच होत नाही. ती ट्रॅकवर किंवा खासगी जागेतच चालवायची आणि तिथपर्यंत टेम्पोत घालून न्यायची. अशा गाडीला आरसी नसणं साहजिक आहे, पण मूळ बिल आणि परदेशातून आणलेली असेल तर कस्टमचे कागद मागायचेच. आणि ‘गावाकडे कोण विचारतंय’ असं कुणी म्हणालं तर हात जोडून निघा. नोंदणी नाही म्हणजे रस्त्यावरचा विमा नाही. कुणाला धडक बसली तर भरपाई तुमच्या खिशातून.

नोंदणीची गाडी असेल तर घरबसल्या एम-परिवहन ॲपवर नंबर टाका. नोंदणीची तारीख, विम्याची मुदत आणि कर्जाचा बोजा आहे का, एवढं बघा. ई-चलान थकलंय का तेही तपासा. बोजा दिसत असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 हातात आल्याशिवाय टोकनसुद्धा द्यायचं नाही. मग प्रत्यक्ष गेल्यावर हँडलखालच्या फ्रेमवर कोरलेला चासी नंबर आरसीशी अक्षर न् अक्षर जुळवा. तिथे घासल्याच्या खुणा किंवा ताजा रंग दिसला तर पुढे बोलायचंच नाही.

आता गाडीकडे वळू. मालकाला आदल्या दिवशीच सांगून ठेवा की मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. पोचल्यावर पहिलं काम, इंजिनला हात लावून बघा. थंड इंजिन खरं बोलतं. मित्राबरोबर मी अशीच एक गाडी बघायला गेलो होतो. इंजिन कोमट होतं. मालक म्हणाले, ‘बॅटरी उतरू नये म्हणून जरा सुरू केली होती.’ आम्ही चहा घेतला, गोड बोललो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला परत गेलो. स्टार्ट मारताच सायलेन्सरमधून निळा धूर. रात्रभरात व्हॉल्व्ह सीलमधून झिरपलेलं ऑइल सकाळी जळत होतं. आदल्या संध्याकाळी ते दिसलंच नसतं. मित्राने ती गाडी सोडली.

धुराची भाषा लक्षात ठेवा. निळा म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. थंडीत सुरुवातीला थोडी पांढरी वाफ दिसली तर घाबरायचं कारण नाही. ऑइलचा रंग दुधी दिसला तर पाणी आत शिरलंय. ओढ्यातून गाड्या घालणाऱ्यांकडची बाईक असेल तर हे आवर्जून बघा. एअर फिल्टर उघडायला लावा. फिल्टरच्या आतल्या, म्हणजे इंजिनकडच्या बाजूला धूळ असेल, तर ती धूळ इंजिनने गिळलीय.

किलोमीटरच्या आकड्यावर फार विसंबू नका. डर्ट बाईक पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रेटली जाते. तिचे पाच हजार किलोमीटर हायवेच्या पाच हजारांसारखे नसतात. मोटोक्रॉसच्या गाड्यांचं वय तर तासांतच मोजतात. त्यापेक्षा हे बघा:

• पुढचं चाक उचलून हँडल हळू फिरवा. मध्ये कुठे अडकल्यासारखं झालं तर बॉलरेस गेली.
• मागचं चाक धरून आडवं हलवा. खडखड झाली तर चाकाचं बेअरिंग किंवा स्विंगआर्मचे बुश.
• प्रत्येक स्पोकवर पाना वाजवा. टणटण आवाज हवा, भद्द नको. चाक फिरवून रिम वाकडी आहे का बघा.
• पुढचे शॉकअप दाबा. नळीवर ऑइलची रिंग उमटली तर सील फुटलंय.
• खाली वाकून इंजिनखालची फ्रेम बघा. ओरखडे चालतील, तो तिचा धर्मच आहे. पण वेल्डिंग दिसलं तर नको.

चेनसेट, टायर, शॉकअपचं सील ही सगळी भाव करायची कारणं. गॅरेजवाल्याकडून खर्च विचारा आणि तेवढे पैसे कमी करून मागा. फ्रेम आणि चासी नंबर मात्र सौदा मोडायची कारणं.

शेवटचा टप्पा, ट्रान्सफर. फॉर्म 29 आणि 30 वर सह्या झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. पैसे बँकेतूनच द्या, आणि एका कागदावर ताबा दिल्याची तारीख आणि वेळ लिहून दोघांनी सह्या करा. गाडी दुसऱ्या राज्यातली असेल तर फॉर्म 28 ची एनओसी लागते आणि इथला रोड टॅक्स वेगळा भरावा लागतो. ‘स्वस्त पडतेय’ म्हणण्याआधी तो हिशोब करा.

विकणाऱ्यांनीही ऐका. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात सांगितलंय की गाडी हातोहात विकली गेली असली, तरी आरसीवर ज्याचं नाव आहे तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार. म्हणजे ट्रान्सफर ही दोघांचीही गरज आहे. घेणाऱ्याने विमा कंपनीलाही 14 दिवसांत कळवायचं. थर्ड पार्टी विमा तुमच्याकडे आपोआप येतो, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग तसा येत नाही. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याच्याकडेच राहतो, त्यामुळे फरकाची रक्कम भरायची तयारी ठेवा.

आणि हो, बजेटमधून हेल्मेट, बूट आणि गुडघ्याच्या गार्डचे पैसे आधी बाजूला काढा. उरतील त्यात बाईक शोधा. बघायला जाताना ओळखीचा मेकॅनिक सोबत घ्या, आणि त्याला पेट्रोलचे पैसे द्यायला विसरू नका. भेटू पुढच्या भागात!