मांजराच्या पंजाखालची माती

घरात मांजर आलं की पहिला सल्ला ठरलेला: "लिटर-बिटर विकत कशाला आणता? घमेल्यात वाळू टाका, नाहीतर शेतातली माती आणा." गावाकडच्या मांजरीचं असंच चालायचं हे खरंच आहे. पण तिला अख्खं वावर मोकळं होतं, ती रोज नवी जागा उकरायची. नाशिकच्या इंदिरानगरमधल्या फ्लॅटात राहणाऱ्या मांजराला मात्र तोच हातभर ट्रे दिवसातून तीन-चारदा वापरावा लागतो. वाळू मूत्र शोषत नाही. ते तळाशी उतरतं आणि दोन दिवसांत गॅलरीत अमोनियाचा वास कोंडतो. बाहेरच्या मातीतून जंतांची अंडी घरात येतात ती वेगळीच.

मग विकतच्या मातीत, म्हणजे लिटरमध्ये, वेगळं काय असतं? निफाड-दिंडोरीच्या शेतकऱ्याला हे चटकन समजेल. काळी माती पावसात फुगते, पायाला चिकटते आणि चैत्रात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. हा गुण तिच्यातल्या माँटमोरिलोनाइट या जातीच्या खनिजांचा. बेंटोनाइट नावाच्या मातीच्या लिटरमध्ये तेच खनिज भरपूर असतं. आपल्याकडे बेंटोनाइट प्रामुख्याने कच्छ आणि राजस्थानातल्या बाडमेरकडून येतं. ओल लागली की दाणे फुगून एकमेकांना धरतात, घट्ट गोळा होतो, आणि तेवढाच सुपडीने उचलला की बाकीचं लिटर कोरडं राहतं. पांढरी वाईन नितळ करायलाही बेंटोनाइटच वापरतात, म्हणजे वायनरींच्या या जिल्ह्याला ते नवं नाही. शेतातल्या काळ्या मातीत मात्र गाळ, चुनखडी, कुजलेला पाला असं सगळंच मिसळलेलं असतं. तिचा गोळा होत नाही, चिखल होतो, आणि तो पंजांबरोबर थेट गादीवर येतो.

लिटरच्या धंद्याची सुरुवातही वाळूच्या अडचणीतूनच झाली. 1947च्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात एका बाईंची मांजरासाठीची वाळू थंडीने गोठली. त्यांनी राख वापरून पाहिली, तर घरभर काळे पंजे उमटले. शेजारच्या एड लो यांनी कारखान्यातलं सांडलेलं तेल टिपायच्या मातीचे दाणे त्यांना दिले. ती माती म्हणजे आपल्या ओळखीच्या मुलतानी मातीच्या जातीची. गोळे होणारं लिटर आलं ते 1980च्या दशकात.

दुकानात सगळ्यात जास्त फसगत होते ती सुवासामुळे. लव्हेंडर, लिंबू, बेबी पावडर असे वास आपल्याला बरे वाटतात म्हणून पिशवीवर ते ठळक छापलेले असतात. मांजराचं नाक आपल्यापेक्षा कितीतरी तिखट आणि ते त्या ट्रेच्या अगदी जवळ असतं. उग्र वासाचं लिटर घातल्यावर चांगली सवय असलेलं मांजरही ट्रे सोडून पायपुसण्यावर जाऊ शकतं. म्हणून बिनवासाचं, बारीक दाण्याचं लिटर आणावं आणि ते दोन-तीन इंच जाड पसरावं. काही लिटरमध्ये झिओलाइट असतं. नाशिककरांनी सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात झिओलाइटचे स्फटिक पाहिलेले असतात, आपल्याच बेसाल्ट खडकाच्या पोकळ्यांत तयार झालेले. लिटरमधलं झिओलाइट इतकं देखणं नसतं, पण त्याच्या सूक्ष्म छिद्रांत अमोनिया अडकतो हे खरं आहे. तरी दिवसातून दोनदा गोळे उचलण्याला ते पर्याय नाही.

सोयाबीनच्या चोथ्याचं टोफू लिटर हलकं असतं, धूळ कमी करतं. पावसाळ्यात मात्र ते हवाबंद डब्यात ठेवा, नाहीतर बुरशी धरतं. तीन-चार महिन्यांपर्यंतची पिल्लं दिसेल ते तोंडात घालतात, त्यांना फुगणारी माती नकोच.

"ट्रे फिनेलने धुतला की स्वच्छ." हा गैरसमज मला सगळ्यात घातक वाटतो. फिनॉल वर्गातली रसायनं शरीराबाहेर टाकण्याची मांजराच्या यकृताची क्षमता फार तोकडी असते. पंजाला लागलेलं फिनेल ते चाटतं आणि विषबाधा होते. साधा भांड्यांचा साबण, गरम पाणी आणि कडक ऊन पुरतं. ब्लीचही नको, मूत्रातल्या अमोनियाशी मिसळून त्याचा विषारी वायू होतो.

ट्रे केवढा घ्यावा? नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंत मांजर मोजा आणि त्याच्या दीडपट लांब ट्रे घ्या. मोठ्या मांजराला दुकानातले बहुतेक ट्रे अपुरे पडतात. भांड्यांच्या दुकानातला, एका बाजूची कड कापून कमी केलेला मोठा प्लास्टिकचा टब स्वस्तात उत्तम काम देतो. झाकणाच्या ट्रेमध्ये मांजराला खासगीपणा मिळतो असं आपल्याला वाटतं, पण वास आत कोंडतो आणि आपलंही साफसफाईकडे दुर्लक्ष होतं. दोन मांजरं असतील तर ट्रे तीन हवेत, वेगवेगळ्या जागी. ट्रे जेवणाच्या वाटीशेजारी किंवा धडधडणाऱ्या वॉशिंग मशीनजवळ ठेवू नका.

घरात सून गरोदर राहिली की "मांजर आधी सोडून या" असं वडीलधारे म्हणतात. भीती टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीची, आणि ती खोटी नाही. पण ज्या मांजराला त्याचा संसर्ग झालेला असतो, ते बहुधा आयुष्यात एकदाच, एक-दोन आठवडे विष्ठेतून त्याची अंडी टाकतं. ती अंडीही बाहेर पडल्यावर एक ते पाच दिवसांनी संसर्गक्षम होतात. ट्रे रोज दुसऱ्या कुणी साफ केला तर मांजराला घराबाहेर काढायची गरज नाही. अर्धकच्चं मटण आणि न धुतलेल्या भाज्या यांच्यापासूनही तेवढंच जपायला हवं.

हीच अंडी सांडपाणी शुद्धीकरणातही टिकू शकतात, म्हणून लिटर संडासात ओतू नका. बेंटोनाइट पाइपात फुगून तो तुंबवतं, आणि शहराचं सांडपाणी शेवटी गोदावरीतच जातं. पिशवीत घट्ट बांधून घंटागाडीत द्या, पण ओल्या कचऱ्यात नको. तुळशीच्या किंवा भाजीच्या कुंडीतही नको.

आणि "रागाने गादीवर शू केली" असं म्हणून मांजराला मारू नका. मांजर सूड म्हणून असं करत नाही. ट्रे घाण आहे, जागा नकोशी आहे किंवा लघवीला दुखतंय, असं काहीतरी त्याला होत असतं. बोका पुन्हा पुन्हा ट्रेमध्ये बसतोय, कुंथतोय, ओरडतोय आणि लिटर कोरडंच आहे, तर त्याचा मूत्रमार्ग अडलेला असू शकतो. असा बोका एक-दोन दिवसांत दगावू शकतो. सकाळची वाट न पाहता, रात्र असली तरी त्याला डॉक्टरकडे न्या.