ओसरलेल्या हुद्द्याचे गाव

निजामी अमदानीत ज्याच्या नावाने सबंध जिल्हा ओळखला जाई, ते बोरीकाठचे नळदुर्ग आज तालुक्याचेही ठिकाण नसून तुळजापूर तालुक्यात मोडते. तथापि हुद्दा गेला म्हणून ऐट जातेच असे नाही.

दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या कारकीर्दीत बोरीवर बांधलेल्या बंधाऱ्याच्या पोटातील पाणीमहाल आणि पावसाळ्यात त्यावरून कोसळणारे नर-मादी हे दोन धबधबे पाहण्यास परगावची गर्दी लोटते, तेव्हा येथला रहिवासी यजमानाच्या थाटात वाट दाखवतो, आणि (हा लहान गावाचा हक्कच समजावा) पाहुण्याचे गाव, कूळ व येण्याचे प्रयोजनही विचारून घेतो. या चौकशीचा शहरवासीयांना जाच वाटतो. मला मात्र शहरी अनास्थेपेक्षा ती शतपटीने पत्करते.